म्हणे पित्ताची गोळी!

मी गोळ्यांची एक जुनी स्ट्रिप आहे. मानपाड्यात नंदाबाई म्हात्रेंच्या फ्रिजवर, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात राहते. मित्रांनो, या घरात मला 'पित्ताची गोळी' म्हणतात. ते ऐकलं की माझ्या अंगाची नुसती आग होते!

माझा जन्म इथल्याच औद्योगिक वसाहतीतला. पोट बिघडलं की आतड्यातून सेरोटोनिन नावाचं रसायन सुटतं आणि 'उलटी करा' असा निरोप मेंदूकडे धाडतं. तो निरोप ज्या दारातून जातो, ते दार मी अडवते. उलटी थांबते. पण पोटातलं मूळ दुखणं मी बरं करत नाही. ते शोधायला डॉक्टरच लागतो.

मागे नंदाबाईंच्या मुलीला, निशिगंधाला, उलट्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी तिला तपासून मला लिहून दिलं. पोरगी लगेच हिंडू-फिरू लागली. माझं कोण कौतुक झालं! तिथंच घात झाला. गाडी लागली, घे गोळी. मटण जास्त झालं, घे गोळी. विचारणं नाही, तपासणं नाही.

मग निशिगंधाच्या मोठ्या भावाची, सुदेशची, हळद आली. दारात मांडव, बेंजोवाले आलेले. आणि निशिगंधा सकाळपासून बेंबीवर हात धरून ओकत होती.

"काय नाय गो, पित्त झालाय," नंदाबाई म्हणाल्या. "गोली घे, बरा वाटंल."

उलटी थांबली. सगळे खूश. पी हळद अन् हो गोरी! पण दुखणं बेंबीपासून खाली उजवीकडे सरकलं होतं.

"आई, उलटी नाय येत, पन जाम दुखतंय गो."

"उलटी थांबली ना? मंग झाला! पावनी आल्यान, बघ जा."

मी डब्यात तडफडत होते. अहो, मी फक्त दार अडवलंय, आतली आग विझवलेली नाही! पण स्ट्रिपचं ऐकतो कोण? दुपारी आणखी एक गोळी दिली. संध्याकाळी सुदेशला हळद लागत असताना पोर मांडवातच कोसळली. अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं, जीव वाचला.

नंदाबाई दवाखान्यातून रडत आल्या आणि सगळा राग काढला माझ्यावर. "मेली गोलीच खोटी!" चोर सोडून संन्याशाला फाशी! तरी मला फेकलं नाहीच. पुन्हा डब्यात ठेवलं, कधी लागली तर म्हणून.

काल शेजारची योगिनी धावत आली. "वहिनी, आमच्या मयूरला उलट्या होतायत. ती पित्ताची गोळी आहे ना तुमच्याकडे?"

नंदाबाईंचा हात सवयीनं डब्याकडे गेला. टाक्यांवर हात धरून निशिगंधा पलंगावरून उठली आणि तिनं झाकण दाबून धरलं.

"आई, आधी त्याला इचार तरी, कुठं दुखतंय."

नंदाबाईंचा चेहरा पडला. मग त्यांनी पायात चपला सरकवल्या. "चल योगिनी, पोराला घे. डॉक्टरकरं जाव."

मित्रांनो, डॉक्टरांनी सांगितलं तर मला जरूर घ्या. मी उलटीला गप्प करते, तेच माझं काम. दुखतंय म्हणून सांगणाऱ्या लेकराला गप्प करायला मला वापरू नका.