दिलेली विधाने सत्य मानून

स्पर्धा परीक्षांच्या सरावपुस्तकांत ‘विधाने आणि निष्कर्ष’ नावाचं जे प्रकरण असतं, त्याची उत्तरं तपासण्याचं काम मी बावीस वर्षं करते आहे. सर्व टेबलं पक्षी आहेत, काही पक्षी डॉक्टर आहेत, असली विधानं वाचून नवे तपासनीस खुदकन हसतात. मी हसत नाही, कारण या कामाचा पहिला नियमच असा की विधान कितीही अचाट असलं तरी ते खरं मानायचं, आणि त्यातून निघेल तेवढंच काढायचं, पदरचं काही घालायचं नाही. दोन विधानांना जोडणारं सामाईक पद नसेल तर निष्कर्ष निघत नाही. हे इतकं माझ्या अंगात मुरलंय, की भाजी खारट झाली तरी मीठ जास्त पडलं असं मी चटकन कबूल करणार नाही, असं म्हणून हे मला चिडवायचे.

हे म्हणजे माझा नवरा. तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी ते नेहमीसारखे कामावर जायला निघाले आणि तिथे पोचलेच नाहीत. त्याआधीच्या आठवड्यात त्यांनी सासूबाईंच्या गोळ्यांचं वेळापत्रक ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं, पाण्याचा मुख्य नळ कुठून बंद करायचा ते मला मुद्दाम दाखवलं होतं, आणि एका संध्याकाळी, माझ्या हातात तपासायचे कागद असताना, “दमलोय गं मी,” असं म्हणाले होते. मी “हं,” म्हटलं. तीन विधानं समोर होती आणि मी त्यांतलं सामाईक पद शोधलंच नाही. कुठल्याही शेजारणीला जे ऐकताक्षणी कळलं असतं, ते या कामावर पोट भरणाऱ्या बाईला कळलं नाही, आणि याची मला आजही लाज वाटते, रडू येतं. सासूबाईंचं मात्र पक्कं आहे की तो येणार. त्या रोज विचारतात, “काही कळलं का गं?” आणि मी रोज सांगते, “अजून काहीच म्हणता येत नाही, आई.”

गेल्या आठवड्यात चौतीस क्रमांकाचा प्रश्नसंच माझ्याकडे आला. त्यातला बारावा प्रश्न असा होता. विधाने: सर्व छत्र्या दारामागे आहेत. दारामागच्या काही वस्तू ओल्या आहेत. निष्कर्ष: काही छत्र्या ओल्या आहेत. नवखा माणूस इथे हमखास घसरतो. ओल्या वस्तू छत्र्याच असतील असं कुठे म्हटलंय? मी ‘निघत नाही’वर खूण केली आणि घरी आले. बाहेर लख्ख ऊन होतं. दारामागे आमच्या दोन्ही छत्र्या कोरड्या ठणठणीत टांगलेल्या होत्या, आणि त्यांच्याखाली यांच्या घरात घालायच्या चपला, तीन वर्षं जागच्या न हललेल्या, चिंब भिजलेल्या होत्या.

“आई, चपला धुतल्यात का तुम्ही?”

“मला मेलीला वाकता तरी येतंय का? आणि त्याच्या वस्तूंना हात लावलेला त्याला खपत नाही, माहितीये ना तुला?”

दुसऱ्या दिवशी एकोणिसावा प्रश्न तपासला. खिडकीकडे तोंड केलेली एकही खुर्ची रिकामी नाही. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची खिडकीकडे तोंड करून आहे. निष्कर्ष: जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची रिकामी नाही. हा बिनचूक निघतो. घरी आले तर टेबलाची एक खुर्ची खिडकीकडे वळवलेली होती. मला ती रिकामी दिसत होती. पण विधान खरं मानायची बावीस वर्षांची सवय अशी एका दिवसात सुटत नाही. मी त्या खुर्चीच्या वाटेला गेले नाही, ओट्याशी उभ्या उभ्याच जेवले.

संपादकांना विचारलं, हा संच कुणी काढला? ते हसले. “अहो मॅडम, प्रश्न काढणाऱ्याचं नाव तपासणाऱ्याला सांगायचं नाही, हा नियम तुमचाच. आता आम्ही मोडायचा होय?” खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला भीती वाटलीच नाही. बाकीचे प्रश्न वाचायची ओढ वाटली, आणि ती ओढ फार वाईट होती.

शेवटच्या प्रश्नापाशी काल पोचले. विधाने: ज्यांना परत यायचं असतं ते सगळे चष्मा बरोबर नेतात. त्यांनी चष्मा नेला नाही. निष्कर्ष: त्यांना परत यायचं नव्हतं.

यांचा चष्मा त्या मंगळवारी मला उशीखाली सापडला होता. मी तो माझ्या साड्यांच्या तळाशी सरकवून ठेवला, आणि पोलिसांना, आईंना, कुणालाच सांगितलं नाही. चष्म्याशिवाय यांना समोरची पाटीही वाचता येत नसे.

निष्कर्ष निघतो. त्यात कसलीही शंका नाही, पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा सांगेल. मी पेन हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिले. शिपाई गठ्ठा छपाईला न्यायला दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा, बावीस वर्षांत पहिल्यांदा, मी जाणूनबुजून चुकीच्या उत्तरावर खूण केली. निघत नाही. गठ्ठा त्याच्या हातात दिला आणि पर्स उचलून निघाले.

दार आईंनीच उघडलं. इतक्या दिवसांत कधी नव्हे तो त्यांचा चेहरा फुलला होता.

“आला बघ. मी म्हणत नव्हते? हातपाय धुतोय.”

बाथरूमचं दार लोटलेलं होतं आणि आत पाणी पडत होतं. मी पॅसेजमध्येच थांबले. पुढे पाऊल टाकावं की मागे फिरावं, मला ठरवता येईना.

“अहो,” मी म्हटलं.

पाणी थांबलं. मग यांचा आवाज आला, नेहमीसारखाच, हळू.

“तुला उत्तर येत होतं ना गं?”