आठ दिवसांत संपणारे सेल

मित्रांनो, मी एक जुना फिल्मचा कॅमेरा आहे. जुना म्हटलं की लोक लगेच हळहळतात, तसं काही करू नका. माझं वय चाळीसच्या पुढे आहे, एका कोपऱ्यावरचा रंग उडून आतलं पितळ दिसतं, आणि तरीही माझा पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडून मिटतो. तुमची पापणी तरी इतक्या झटपट लवते का?

मी जन्मलो एका कारखान्यात. लांब टेबलाशी ओळीने बसलेल्या बायकांनी पांढरे हातमोजे घालून माझे स्क्रू बसवले. शेवटच्या बाईने पोटाखालचं झाकण उघडून शर्टाच्या बटणाएवढे दोन सेल आत घातले, माझ्या खिडकीला डोळा लावला आणि "हा बरा आहे" म्हणून मला पुढे सरकवलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

सेलांबद्दल जरा नीट सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यांचीच आहे. माझ्या डोक्यावरच्या बटणाला बोट हलकेच टेकवलं की मी जागा होतो. खिडकीत आतल्या बाजूला लाल दिवा लागतो आणि मी उजेड मोजू लागतो. बटण पूर्ण दाबलं की फोटो निघतो, बोट उचललं की मी झोपतो. वेळच्या वेळी झोप मिळाली तर दोन सेल मला वर्षभर पुरतात. ते संपले की मात्र माझा पडदा उघडतच नाही, मग समोर राजा उभा असला तरी.

तेरा वर्षांपूर्वी मला भेगा मोजणाऱ्या एका माणसाने विकत घेतलं. जुन्या पुलांच्या भिंतींना पडलेल्या भेगा वाढतात की नाही, हे पाहणं त्याचं काम. दर महिन्याला त्याच जागी उभं राहायचं, भेगेशेजारी मोजपट्टी चिकटवायची आणि फोटो काढायचा. भिंत ऐन वेळी डोळे मिटत नाही की "माझा फोटो चांगला येत नाही" अशी कुरकुर करत नाही. मला हे काम आवडलं. एकदा नदीवरच्या पुलाची एक भेग तीन महिन्यांत रुंदावल्याचं माझ्याच फोटोंवरून कळलं आणि पूल वेळेवर दुरुस्तीला बंद झाला. कचेरीत मालकाची पाठ थोपटली गेली. माझं नाव कोणी काढलं नाही, पण भिंगाला नवी टोपी मिळाली.

घरी दोघंच राहतात, माझा मालक आणि त्याची ताई. ती त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. खुर्च्यांची, गाद्यांची, गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते आणि पन्नाशीच्या भावाला अजून बाळ्या म्हणते. गेल्या वर्षी मी पुलाच्या पायऱ्यांवरून घरंगळलो आणि माझा एक कोपरा चेपला. ताईने ते पाहिलं आणि कातडं कापायला बसली. सहा दिवस खपून तिने मला कव्हर शिवलं. बाहेरून जाड कातडं, आतून दुहेरी लोकरी अस्तर, वरून घट्ट बसणारी झडप.

"आता पड म्हणावं," ती म्हणाली.

तिने मला तळहातावरच्या फोडासारखं जपायचं ठरवलं होतं, आणि तिथेच माझं दुखणं सुरू झालं. झडप बंद झाली की ते जाडजूड अस्तर नेमकं माझ्या बटणावर बसे आणि ते अर्धं दाबून धरे. आत मिट्ट काळोख, आणि त्यात माझा लाल दिवा चालू. मी चोवीस तास उजेड मोजत राही. उजेड तर काहीच नसे. आठव्या दिवशी सेल खलास. मला कारण पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण सांगणार कसं?

मालकाने सेल बदलले. मग दुसऱ्या दुकानातून आणले. मग सेल जिथे टेकतात ती पत्र्याची पट्टी खोडरबराने घासून लख्ख केली. थंडीने सेल लवकर मरतात असं कोणीतरी सांगितलं, तर चार दिवस मला कव्हरासकट सदऱ्याच्या आत, छातीशी धरून हिंडला. पुलावर पोचलो की मी आपला मेलेला. शेवटी त्याने मला घड्याळवाल्या काकांकडे नेलं.

काकांनी पोट उघडलं, मीटरच्या तारा लावल्या आणि मान हलवली. "याच्यात काही बिघाड नाही. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय तुझं. पंधरा दिवस इथे राहू दे."

पंधरा दिवस मी कव्हराशिवाय त्यांच्या फळीवर झोपलो. सेल जसेच्या तसे राहिले. मालक आला तेव्हा काकांनी मला त्याच्यादेखत कव्हरात घातलं, झडप लावली आणि तिच्या फटीतून आत बघायला सांगितलं. लाल उजेड दिसत होता.

"कव्हर बदल. विषय संपला."

"ताईने शिवलंय ते," मालक म्हणाला.

"मग ताईला सांग."

मालक मूग गिळून बसला. त्याच महिन्यात गिऱ्हाइकांनी ताईची दोन कव्हरं परत आणली होती, शिवण वाकडी म्हणून. तिची नजर अधू होत चालली होती. घरात दोघांनाही ते कळत होतं आणि दोघंही त्यावर ब्र काढत नव्हते. अशात "तुझं हेही कव्हर चुकलंय" हे सांगायचं कोणी? त्याने मला टॉवेलात गुंडाळून ठेवून पाहिलं. ताई रोज संध्याकाळी टॉवेल सोडायची, घडी घालायची आणि मला कव्हरात घालून झडप लावायची.

पुलावर आणखी दोनदा पडदा उघडला नाही. मग मालकाने कचेरीतून नवा कॅमेरा मागवला, आणि जुने कॅमेरे सुट्या भागांसाठी घेणाऱ्या एका माणसाला शनिवारी बोलावलं. भिंग एकीकडे, पडदा दुसरीकडे, बाकीचं भंगारात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. पडायला आलेल्या पुलाखाली बेधडक उभा राहणारा माणूस, पण बहिणीपुढे एक वाक्य बोलायचं धाडस त्याला होईना. मला त्याचा राग आला, आणि भीती त्याहून जास्त वाटली.

शनिवारी सकाळी ताई म्हणाली, "देतोच आहेस तर दे. कव्हर तेवढं राहू दे." तिने मला बाहेर काढलं आणि कव्हर पुसायला हात आत घातला. हात थांबला. तिची बोटं अस्तरावर एकाच जागी फिरू लागली. तिथली लोकर चेपून टणक झाली होती, गोल, बरोबर माझ्या बटणाएवढी. मग तिने माझ्या डोक्यावरून अंगठा फिरवला आणि ती खाली बसली.

"बाळ्या, हे तुला माहीत होतं?"

"महिना झाला," तो म्हणाला.

"आणि बोलला नाहीस."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच असतं. संध्याकाळपर्यंत वाटलं असतं, मग उठून अस्तर उसवलं असतं." तिने कात्री ओढून घेतली. "मला दिसत नाही नीट. ऐकू येतं मला."

सुटे भाग घेणारा आला, चहा पिऊन रिकाम्या हाताने गेला.

ताईने अस्तराला बटणाच्या जागी रुपयाएवढं भोक पाडलं आणि कडेने टाके घातले. टाके वाकडे आले आणि या वेळी मालकाने तसं तिला सांगितलं. ती "येऊ देत" म्हणाली. मला आत घालून झडप लावल्यावर तिने कव्हर कानाजवळ धरलं आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "कुठे दाबतंय का?" दिवा विझलेला होता. त्या कव्हरात मी पहिल्यांदाच झोपलो.

तर मित्रांनो, वस्तू जपा, माणसंही जपा. पण जपताना अधूनमधून विचारा, कुठे दाबतंय का. आणि ज्यांना तोंड दिलेलं आहे, त्यांनी दाबत असेल तेव्हा कृपा करून "हो" म्हणावं.