बटाट्याची करणी

"निघाली! निघाली! बघा कशी उकळून निघून राह्यली!"

पारावर एकच गलका उठला. पुढचे घाबरून मागे सरकले, मागचे बघायला म्हणून पुढे घुसले, आणि मधोमध स्टुलावर बसलेल्या माणसाच्या पोटाखालच्या जखमेतून पांढराशुभ्र फेस फसफसत वर आला. चूल नाही, विस्तव नाही, आणि तीर्थ उकळतंय! बायांनी हात जोडले. एका म्हाताऱ्याने तर त्या फेसालाच दंडवत घातला.

ती जखम माझी होती. आणि त्या स्टुलावर मी बसलो होतो तो बायकोची गुलाबी फुलांची मॅक्सी घालून.

हसा, खुशाल हसा. कीर्तनातसुद्धा आधी हसू आल्याशिवाय पुढचं कानात शिरत नाही.

मी राधाकिसन, वय एकसष्ट, गाव मंठ्यापासून नऊ किलोमीटर. कीर्तन म्हटलं की मला जेवणाची शुद्ध राहत नाही. बुवा नुसते खाकरले तरी माझे डोळे भरून येतात. तर अशा या माणसाचं जालन्याला हर्नियाचं ऑपरेशन झालं. आत जाळी बसवली, बाहेर टाके घातले. डॉक्टरांनी बजावलं, "महिनाभर वजन उचलायचं नाही, जास्त वेळ उभं राहायचं नाही, जखम कोरडी ठेवायची."

आशाबाईंनी, म्हणजे आमच्या बायकोने, मला घरी आणून टाकलं, आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या लेकीचं, अंजूचं, बाळंतपण पंधरा दिवस आधीच उभं राहिलं. आशाबाई दाराच्या आत एक पाय, बाहेर एक पाय.

"जा तू," मी म्हणालो. "मला काय धाड भरली?"

ती गेली आणि कळलं की पायजम्याची नाडी बरोबर टाक्यांवरच येते. म्हणून मॅक्सी. तिच्या बाजूचा खिसा मी कात्रीने कापून काढला, तर अशी झकास खिडकी झाली की जखम पुसायला काही वर उचलायलाच नको. शिंक आली की पोटावर उशी दाबायची, खाटेवरून उठायचं तर भोपळ्यासारखं आधी कुशीवर लोळायचं, असा एकट्याचा संसार मी बसवला. भाकरी-कालवण शेजारच्या साळूवहिनी दोन्ही वेळा आणून देत. एकट्या राहतात, पण तोंड असं की चार माणसांची सोबत व्हावी.

"भाऊजी, मॅक्सी लई शोभून राह्यली. आशाबाईला सांगते, आता लुगड्याची बी सवय लावा म्हणून!"

सगळं बरं चाललं होतं. पण गावात सप्ताह बसला.

ज्यांनी सप्ताह पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सात दिवस मंदिरात वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाने गळ्यात घेऊन नामस्मरण करत उभं राहायचं, पुढचा आला की त्याच्या गळ्यात घालायची. सकाळी सात ते नऊचा पहारा तीस वर्षं माझा. 'जास्त वेळ उभं राहायचं नाही' हे डॉक्टर म्हणाले खरे, पण दोन तास म्हणजे काय जास्त झाले? आणि वीणा म्हणजे काय वजन झालं? मॅक्सीत तर देवापुढे जाता येत नाही, म्हणून धोतर नेसलो, घट्ट गाठ मारली आणि उभा राहिलो.

नऊला पुढच्या पहाऱ्याचा भुजंग येणार होता. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. भुजंग चहाला म्हणून पाराकडे गेल्ता, आणि त्याच दिवशी पारावर ते तीर्थ उकळवणारे उकळीमहाराज अवतरले होते. धोतर घामाने चिंब, गाठ टाक्यांवर रुतलेली. चारदा मनात आलं, कोणाला तरी हाक मारावी. पण तोंडात हरिनाम, आणि हरिनामाच्या मध्ये 'अरे माझं पोट दुखतंय' हे कसं घालायचं? भुजंग साडेबाराला आला.

तिसऱ्या दिवशी जखम टोमॅटोसारखी लाल झाली. हात लावला तर तव्यासारखी गरम. एका टाक्याशेजारून पिवळं काहीतरी डोकावू लागलं. दाढीच्या आरशात मी ते दिवसातून दहा वेळा बघायचो आणि दर वेळी म्हणायचो, कालच्यापेक्षा बरं आहे. आशाबाईंचा फोन आला.

"कसं हाय?"

"बिलकुल बराबर," मी म्हणालो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण फोनवर ते कुठे दिसतं! खरं सांगितलं असतं तर वीणेचं सांगावं लागलं असतं. डॉक्टर रागावले तर चालेल हो. आशाबाई रागावल्या तर मी कुठे जाऊ?

भुजंगला आपण उशीर केल्याचं लागलं होतं. तो बघायला आला आणि जखम बघून दोन पावलं मागे सरकला.

"भाऊ, हे साधं न्हाई. चला महाराजाकडं. काल एकाची करणी उकळून काढली, माझ्या डोळ्यानं पाह्यली!"

असा मी पारावर पोचलो. महाराज भगव्यात, गळ्यात माळाच माळा. लाल फडक्यात गुंडाळलेली एक काळपट बाटली. आधी त्यांनी तीर्थ आपल्याच तळहातावर ओतलं. काही झालं नाही.

"देखो! हमारे अंग में पाप न्हाई, म्हणून तीर्थ शांत! आता ह्या बाळाचं बघू!" आणि माझ्या खिशाच्या खिडकीतून तीर्थ आत. मग काय, फेसच फेस! अशी आग झाली की मला पांडुरंग नुसता आठवला नाही, दिसलाच.

"करणी हाय, करणी!" महाराज गरजले. "तुझ्या घराच्या उगवतीला कोण ऱ्हातं?"

मी तोंड उघडायच्या आधी गावच ओरडलं, "साळूबाई!"

"एकटी?"

"एकटी!"

"तिच्या हातचं खातो?"

"दोन टाईम!"

"खाल्लं, तिथंच फसलं!"

अहो, ज्याचं घर आहे त्याच्या उगवतीला कोणी ना कोणी राहणारच! पण एवढा विचार करायला तिथे कोणाला सवड होती? आणि साळूवहिनी त्याच गर्दीत उभ्या होत्या, हातात माझ्याच जेवणाचं झाकलेलं ताट. त्यांनी ताटावर पदर ओढला आणि घराकडे चालू लागल्या. बाया त्यांना वाट देताना अंग चोरत होत्या.

मला त्या वेळी काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण हायसंच वाटलं. करणी असेल तर चूक माझी नाही, वीणेची नाही, धोतराच्या गाठीची नाही. तीन दिवस मानेवर बसलेलं ओझं मी अलगद उचलून शेजारणीच्या डोक्यावर ठेवलं.

महाराजांचा हुकूम झाला. एकवीस दिवस तीर्थ, डॉक्टरची गोळी बंद. घरी न्यायला एक छोटी काळपट बाटली मिळाली.

"अंधारात ठेव बरं! उन्हाची तिरीप लागली तर तेज उडून जातं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी भाकरी नाही. कशी असणार? मला स्वयंपाकातलं एकच येतं, बटाट्याची भाजी. अंगात हीव भरलेलं, दात वाजतायत, अशा अवस्थेत मी ओट्याशी उभा राहून दोन बटाटे चिरले. म्हटलं, भाजी शिजेपर्यंत तीर्थ घेऊन टाकू. बाटली उघडली, ती जरा कलली आणि तीर्थ सांडलं ते बटाट्यावर.

बटाटा फसफसला!

तोच फेस, तोच आवाज, पांढराशुभ्र, वर वर येणारा. मी बघतच राहिलो. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "निघाली! निघाली!" आणि मग विचार आला, अरे, या बटाट्याला कोणी केली करणी? याच्या उगवतीला तर मिठाचा डबा आहे!

मी मिठावर थेंब टाकला. काही नाही. ताटलीवर टाकला. काही नाही. न चिरलेल्या बटाट्यावर टाकला, सालीवरून ओघळून गेला. त्याच बटाट्याची एक फोड काढून टाकला, फस्सस! महाराजांचा तळहात आठवला. साल शाबूत, तीर्थ शांत. साल कापली की उकळी. मला असं हसू फुटलं, असं हसू फुटलं, की एका हाताने उशी पोटावर दाबून धरली आणि दुसऱ्याने ओटा. टाके म्हणत होते थांब, आणि हसू थांबेना.

तसाच भिंतीशी जाऊन ओरडलो, "वहिनी! बटाट्याच्या उगवतीला कोण ऱ्हातं हो?"

मग दार वाजलं. साळूवहिनी आत आल्या, फेसाळलेला बटाटा पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि बटाट्याचं काही न विचारता माझ्या कपाळाला हात लावला.

"भाऊजी, अंग भट्टीसारखं तापलंय तुमचं. आधी सिस्टरला आणते, मंग हसा."

ज्या बाईला मी काल चारचौघांत चेटकीण होऊ दिलं, ती चप्पल न घालता पळत गेली.

उपकेंद्रातल्या सुरेखा सिस्टर आल्या. ताप एकशे दोनच्या वर. जखमेच्या लालीभोवती त्यांनी पेनाने रेघ ओढली आणि चेहरा कडक केला.

"काका, आत पू साठलाय, खाली जाळी हाय. आज उघडून धुतलं न्हाई तर रक्तात पसरंल. तीर्थ ओतून बसले असते एकवीस दिवस, तर बाराव्याला आम्ही जेवायला आलो असतो." त्यांनी फोन करून गाडी बोलावली. मग काळपट बाटली उजेडात धरली, वास घेतला, आणि त्याही हसू लागल्या. "हे माझ्या कपाटात हाय की!"

गाडीला अर्धा तास होता. मी म्हणालो, "सिस्टर, मला पारावर न्या."

"काका, उभं बी ऱ्हाता येत न्हाई तुम्हाला."

"वहिनींचं नाव तिथं घेतलं. तिथंच पुसायचं."

सिस्टरनी घड्याळ पाहिलं. "गाडी तिथंच थांबते. पण खुर्चीतून."

मग निघाली आमची पालखी! प्लास्टिकच्या खुर्चीत मी, मॅक्सीत, मांडीवर ताटात चिरलेले बटाटे. खुर्चीला एका बाजूने निरोप धाडून बोलावलेला भुजंग, एका बाजूने सिस्टर, मागे साळूवहिनी. पारावर महाराजांची बैठक भरलेली होती.

"महाराज," मी ताट पुढे केलं, "ह्याची करणी काढा."

महाराजांनी नाक मुरडलं. मी माझ्याच बाटलीतलं तीर्थ ओतलं. बटाटा उकळला.

महाराज मात्र कच्चे नव्हते. "हां! बटाट्याला बी करणी लागती! कोणाच्या वावरातला हाय? त्या बाईच्या?"

"मंठ्याच्या बाजारातला हाय!" मागून आवाज आला. "आख्ख्या तालुक्याला करणी झाली का महाराज?"

पहिलं हसू फुटलं. सिस्टर पुढे झाल्या. वाटेत उपकेंद्रातून उचललेली बाटली अगदी तशीच काळपट.

"ऐका. ह्याला हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणतात. जखम धुवायचं औषध हाय, पण कसं, किती, ते डॉक्टर ठरवतात. उजेडानं खराब होतं, म्हणून काळी बाटली. आपल्या रक्तात, मांसात, आणि बटाट्यात बी एक पदार्थ असतो, त्याला हे लागलं की ह्यातून ऑक्सिजन सुटतो. त्याचा हा फेस. करणी बिरणी काही न्हाई." त्यांनी सुईने आपलंच बोट टोचलं, रक्ताच्या थेंबावर औषध टाकलं. फस्सस! "आता सांगा, मला कोणी केली? माझ्या घराच्या उगवतीला तर पाण्याची टाकी हाय!"

पार हसून लोळायला लागला. सिस्टरनी दुसरी, नवी सुई काढली.

"महाराज, तुमच्या अंगात पाप न्हाई म्हणता. द्या बरं बोट."

महाराजांनी हात भगव्यात असा लपवला, जशी कोणी अंगठीच मागितली.

"आमचं... आमचं स्नान ऱ्हायलंय," असं म्हणत ते उठले. बाटली राहिली, तुपाचा डबा राहिला, एक खडाऊ राहिली. मोटारसायकलवर मागे बसून गेले ते दुसरी खडाऊ पायात घेऊन.

गाडीचा भोंगा ऐकू आला. मी हात जोडून म्हणालो, "मंडळी, ह्या जखमेला करणी माझी. डॉक्टर नको म्हणत असताना साडेपाच तास वीणा घेऊन उभा ऱ्हायलो, आणि मग लाजंपायी दुखणं दाबलं. वहिनींच्या भाकरीनं मी जगलो. वहिनी, माफ करा."

साळूवहिनींनी डोळ्याला पदर लावला. मग म्हणाल्या, "माफ केलं. पण ती मॅक्सी घालून जालन्याला जाऊ नका, गावाचं नाव जाईल." आणि अंगावरची शाल माझ्या मांडीवर टाकली.

जालन्याला जखम उघडून धुतली, सलाईनमधून औषधं दिली, आठ दिवस ठेवलं. जाळी वाचली, मीही वाचलो. आशाबाई रागावल्या. ते इथे लिहीत नाही, कागद पुरणार नाही.

मी देव मानतो. टाळाचा पहिला ठोका पडला की आजही अंगावर काटा येतो. पण माझ्या देवाला बाटली लागत नाही, अंधार लागत नाही आणि शेजारीण गुन्हेगार लागत नाही. ऑपरेशननंतर जखम लाल झाली, गरम लागली, पाझरली, ताप आला, तर लाजू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. आणि कोणी तुमच्यापुढे तीर्थ उकळवून दाखवलं तर हात जोडायच्या आधी घरातून एक बटाटा आणा.

यंदाच्या सप्ताहात पहाऱ्याची यादी बदलली. कोणीही एका तासाच्या वर उभं राहायचं नाही, आणि दुखलं की हरिनामाच्या मध्येसुद्धा हाक मारायची. सातचा पहारा माझाच. बरोबर आठला मी गळ्यातली वीणा काढली आणि पुढच्या वीणेकऱ्याच्या गळ्यात घातली. देताना दोघांनाही हसू आवरेना. पुढचा पहारा साळूवहिनींचा होता; वेळेवर आल्या होत्या, आणि या खेपेला चप्पल घालून, ती देवळाच्या दाराशी काढून.