हार्लनची रिकामी झाडं

हार्लन टलने चार दिवसांत दोन चमचे सूप सोडून काही पोटात घेतलं नव्हतं, आणि शुक्रवारी सकाळी तो एकदम म्हणाला, "क्रॅपी मासे खाईन म्हणतो. मक्याच्या पिठात तळलेले." त्याची बायको वर्ना तडक धक्क्यावर गेली आणि तिने होडी सोडली. डॉक्टरांनी आशा सोडली होती. आता हा माणूस जे मागेल ते त्याच्या ताटात पडलंच पाहिजे, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

जागा तिला पाठ होती. चर्चचा कळस पाण्याच्या टाकीसमोर आला की खाली हार्लनची झाडं. नाताळ सरला की लोकांनी टाकून दिलेली झाडं गोळा करायची, बुडाला सिमेंटचा ठोकळा बांधून नदीत सोडायची. क्रॅपी त्या फांद्यांत घर करतात. ज्याची झाडं त्याचे मासे. न विचारता दुसऱ्याच्या झाडांवर गळ टाकणाऱ्याच्या शेजारी चर्चमध्ये कोणी बसत नाही.

ओहोटी लागली, दोन तास गेले, पण गळ हलला नाही. शेवटी आमिष ओढलं ते एका खेकड्याने. खेकडा, आणि इतक्या वर? वर्नाने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. मचूळ कसलं, चांगलं खारट! महिनोन्महिने पाऊस नव्हता, वरून गोडं पाणी आलं नव्हतं, त्यामुळे खाडी गावापर्यंत चढली होती. गोड्या पाण्यातले क्रॅपी केव्हाच वर निघून गेले असणार.

मग तिला आठवलं. अकरा वर्षांपूर्वीही मका असाच उभ्याउभ्या करपला होता. हार्लनची झाडं अशीच रिकामी होती, आणि त्याचा जिवलग दोस्त एल्वुड वरच्या वळणावरून रोज बादली भरून आणत होता. "माझी झाडं तूच लुटलीस!" हार्लनने त्याला भर दुकानात सुनावलं. तेव्हापासून दोघांतून विस्तव जात नव्हता. तेव्हा पाण्याला जीभ लावायचं कुणाला सुचलं नाही. तिलाही नाही. तीही नवऱ्याचीच री ओढत राहिली होती.

एल्वुड आपल्या धक्क्यावर खेकड्यांचा पिंजरा दुरुस्त करत होता. वर्नाने होडी लावली.

"तुझ्या झाडांवर गळ टाकू का, एल्वुड?"

"त्याने पाठवलं?"

"त्याला माहीत नाही. तो चाललाय रे. क्रॅपी मागतोय."

एल्वुडच्या हातातली पक्कड थांबली.

"खाली पाणी खारट झालंय," ती म्हणाली. "त्या वर्षीही झालं होतं ना? तुला कळलं होतं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस, आडमुठ्या?"

"त्याने विचारलं कुठे? त्याने निकालच दिला." त्याने नाक पुसलं. "पुलाच्या वर, आडव्या पडलेल्या सायप्रसच्या झाडापाशी. गळ फांद्यांच्या वरच ठेव, खाली सोडलास तर अडकेल."

"तूही चल की त्याला भेटायला."

"बोलावल्याशिवाय नाही."

एका तासात चार क्रॅपी मिळाले. वरच्या काळपट पाण्यात वाढलेले, पाठीला शाईसारखे काळे.

नेहमीच्या सवयीप्रमाणे तिने ते तळण्याआधी हार्लनला दाखवायला नेले. त्याने मान वळवून त्यांच्या काळ्या पाठी पाहिल्या.

"हे माझ्या झाडांवरचे नाहीत."

"नाहीत."

"एल्वुडचे?"

"विचारून आणले. खाडी गावापर्यंत चढलीये, हार्लन. खेकडे लागताहेत."

त्याने तोंड छताकडे फिरवलं. वर्नाला वाटलं, आता हे नकोच म्हणणार. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही.

"त्या वर्षीही पाऊस नव्हता," तो शेवटी म्हणाला.

"नव्हता."

"अकरा वर्षं, वर्ना." त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानाशी गेलं. तिने ते हातातल्या पिठाळ फडक्याने टिपलं आणि त्याच्या गालाला पीठ लागलं.

"किती आहेत?"

"चार."

"मला दोन पुरेत." त्याने फोनकडे बोट दाखवलं. "त्याला म्हणावं, मी विचारतोय, येशील का? आणि तो आल्याशिवाय तेलात सोडू नकोस. गारढोण मासा त्याला चालत नाही."