पहिली पसंती

सगळा वॉर्ड तिला बेबी म्हणायचा. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, तरी शाळेचे गणवेश शिवणारी बाई म्हणजे बेबीच. हे नाव ताईनं ठेवलेलं. आई गेली तेव्हा ताई पंधरा वर्षांची होती आणि बेबी सहाची. वेणी घालण्यापासून मशीनवर सरळ टीप मारायला शिकवण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं. अजूनही रोज दुपारी ती बेबीच्या दुकानात यायची आणि शर्टांना काजं-बटणं करत बसायची. ताईनं एखादी गोष्ट सांगितली की बेबी का म्हणून विचारायची नाही.

त्या वर्षी नगरपालिकेनं कधी नव्हे ते लोकांना विचारायचं ठरवलं. वॉर्डात एकच मोठं काम होणार होतं. यादीत तीन कामं होती: खालच्या गल्लीचं गटार नव्यानं बांधणं, बंद पडलेल्या दवाखान्याची इमारत दुरुस्त करणं, नाहीतर बाजारचौकात कारंजं आणि फरशी बसवणं. रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. ज्या कामाला जास्त हात वर होतील, ते काम.

ताई खालच्या गल्लीत राहायची. जोराचा पाऊस झाला की गटार उलटं फिरायचं आणि पाणी उंबरा ओलांडून आत यायचं. भावजी चार वर्षं अर्धांगानं पडून होते. गेल्या पावसाळ्यात पाणी खाटेला लागलं, तेव्हा ताईनं एकटीनं खाटेखाली विटा सरकवल्या आणि पाणी ओसरेपर्यंत ती त्यांच्या पायाशी बसून राहिली. सभेच्या आठवडाभर आधी ती बेबीला म्हणाली, आमच्या गल्लीत चार माणसांत धड बोलणारं कुणी नाही, तू बोल. बेबीनं लगेच हो म्हटलं.

हो म्हटलं खरं, पण यादीतलं दवाखान्याचं नाव ती पुन्हा पुन्हा वाचत होती. दोन वर्षांपूर्वी सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्याला कुलूप होतं. मोठ्या हॉस्पिटलात न्यायला भाड्याची गाडी मिळेपर्यंत तास गेला, आणि बाळ वाटेतच झालं. ते रडलंच नाही. मागच्या सीटवर सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बेबी बसली होती. घरात त्यावर पुन्हा कुणी अक्षर काढलं नाही. आता सुनेला सातवा महिना लागला होता.

सभेला हॉल भरला होता. नगरपालिकेच्या अभियंत्यांनी नकाशे दाखवले, मग बेबीचा नंबर आला. पावतीपुस्तकाच्या पानावर तिनं गटाराबद्दल चार ओळी लिहून आणल्या होत्या. बोलायला उभी राहिली आणि तिला मागच्या दारातून सून आत येताना दिसली. खुर्चीची पाठ धरून, जपून, ती शेवटच्या रांगेत टेकली. बेबीच्या हातातला कागद हातातच राहिला. ती दवाखान्यावर बोलली. गाडीचं, रस्त्याचं, त्या बाळाचं, सगळं सांगितलं. बायकांनी डोळे पुसले. दुसऱ्या रांगेत ताई मांडीवरच्या पिशवीकडे बघत होती.

हात मोजले. गटाराला एकसष्ट, दवाखान्याला अठ्ठावन्न, आणि चौकाला चौऱ्याहत्तर. चौकातले दुकानदार घरच्यांसकट आले होते आणि त्यांच्यात फूट नव्हती. अभियंते म्हणाले की पंधरा दिवसांत हरकत घेता येईल. एकाच कामासाठी दोनशे घरांच्या सह्या आल्या तर फेरविचार होईल. ताई ते ऐकायला थांबली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ताई दुकानात यायची बंद झाली. बिनबटणांच्या शर्टांचा ढीग वाढत गेला. बेबी दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आली.

सातव्या दिवशी दुपारी सून दुकानात आली. घामाघूम झाली होती, काखेत फाईल होती. फाईलमध्ये नव्वद घरांच्या सह्या होत्या आणि वर लिहिलं होतं: पहिली पसंती, खालच्या गल्लीचं गटार.

बेबीनं ते दोनदा वाचलं. सून स्टुलावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "मी अभियंत्यांना विचारलं, आई. दवाखान्याला दोन वर्षं लागणार, आणि डॉक्टरची जागा अजून रिकामीच आहे. गटार चार महिन्यांत होतंय. मावशींच्या घरात पाणी याच वर्षी शिरणार."

"मी तुझ्यासाठीच बोलले गं."

"मला कुठं विचारलंत? माझं बाळ गेलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही हॉलभर सांगितलंत."

बेबीनं पेन घेतलं, सही केली, मशीनवर कापड झाकलं आणि सुनेच्या हातातली फाईल स्वतःकडे घेतली.

वरच्या गल्लीतली घरं तिनं केली. तिच्याच बोलण्यावर हात वर करणारी ही माणसं. एका निवृत्त मास्तरांनी तिला दारातच विचारलं, की रविवारी तू मला रडवलंस ते खोटं होतं का. ती म्हणाली, तेही खरं होतं आणि हेही खरं आहे. त्यांनी सही केली नाही. बऱ्याच जणांनी केली, काहींनी तर तिच्याकडे न बघताच.

दोनशे चौदा सह्या झाल्या आणि निर्णय फिरला. महिन्याभरात खालची गल्ली खणायला घेतली. सुनेला शेवटचा महिनाभर हॉस्पिटलाजवळ भाड्याच्या खोलीत ठेवलं, तिथे मुलगी झाली, दोघी सुखरूप घरी आल्या. गटार झालं, पावसाळा सरला, तेव्हा ताई बाळाला बघायला आली, सुनेजवळ तासभर बसली, तिच्या केसांवरून हात फिरवला. बेबीला तिनं एवढंच सांगितलं की यंदा घरात पाणी आलं नाही. दुकानात मात्र ती आली नाही. काजं-बटणं आता बाहेरून होतात.

पुढच्या वर्षी नवी यादी लागली. कारंजं होतं, दिवे होते, दवाखाना नव्हता. बेबी नगरपालिकेत गेली. खिडकीतल्या कारकुनानं सांगितलं, की गेल्या वेळी लोकांनी त्याला सगळ्यांत खाली टाकलं, म्हणून ते काम वगळलं. पाहिजे तर अर्ज करा, सह्या जोडा.

ती बाहेरच्या बाकावर बसली आणि या वेळी आधी सुनेला फोन लावला. दवाखान्यासाठी अर्ज लिहू का, असं तिनं विचारलं. सून म्हणाली, "लिहा. पण माझं नका लिहू. रस्ता किती लांब आहे ते लिहा."

बेबीनं लिहिलं. खाली सह्यांसाठी रेघा आखल्या आणि पहिल्या रेघेवर सही केली. आता सुरुवात कुठल्या घरापासून करायची, हे ठरवत ती कितीतरी वेळ तिथेच बसून राहिली. ताईच्या दारात हा कागद घेऊन उभं राहायचं बळ तिला येत नव्हतं, आणि ते दार सोडून पुढे जाणंही जमण्यासारखं नव्हतं.