मामांना कमी ऐकू येतं

"हा नको, मामा. हा घाला."

शौकतनं लाल-पांढऱ्या चौकडीचा कोरा रुमाल पुढं धरला आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावरचा काळा-पांढरा स्वतःच्या हातानं उतरवून घेतला. गाडी मुलीचे वडील अबू सत्ताम यांच्या बैठकीच्या चढाखाली उभी होती. वर दारापाशी पाहुण्यांची रांग लागली होती. जो तो लाल रुमालात.

दर्वीशमामांनी नवा रुमाल नाकाशी नेऊन हुंगला. "दुकानाचा वास येतोय रं. किती येळ घालायचा?"

"परत गाडीत बसेपर्यंत."

"आन् माझा?"

"राहील की इथंच." शौकतनं तो घडी न करताच सीटखाली कोंबला. मग इकडंतिकडं बघत आवाज खाली आणला. "अजून एक. वर गेल्यावर तुम्ही बोलू नका. आपल्या वतीनं सगळं फव्वाज पाशा बोलणार आहेत. तुम्ही नुसतं बसा."

"मुका होऊ म्हंतोस?"

"तसं नाही हो…"

"तसंच हाय की." मामा हसले, पण लाल रुमालाची गाठ त्यांच्या बोटांना काही केल्या जमेना.

मागच्या सीटवर शौकतचा मुलगा, नवरदेव लैस बसला होता. त्यानं मामाआजोबांची हुबेहूब नक्कल केली, "मुका होऊ म्हंतोस?" आणि स्वतःच हसला. नक्कल त्याला लहानपणापासून छान जमायची. घरात सगळे हसत, शौकतही हसायचा. आज मात्र तो खेकसला, "पुरे!"

मामांना घरी ठेवता आलं असतं तर शौकतनं ठेवलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात आई गेली, ती जाताना एवढंच सांगून गेली होती, की लैसच्या मागणीला माझा भाऊ पुढं बसला पाहिजे. शब्द मोडायचा नव्हता आणि पाळायलाही भीती वाटत होती.

आईचं गाव हैफाच्या डोंगरातलं, पॅलेस्टिनी. ते सुटलं, आणि ती अम्मानच्या निर्वासित छावणीत आली ती गावची बोली पदरात बांधूनच. शौकत जन्मला छावणीत. तो शाळकरी असताना एका सप्टेंबरात शहराच्या गल्ल्यांत सैन्य आणि पॅलेस्टिनी लढवय्ये एकमेकांवर तुटून पडले. त्यानंतर कोण कुठला हे लोक रुमालावरून ओळखू लागले, काळा पॅलेस्टिनींचा, लाल इथल्या टोळ्यांचा; आणि रुमालाहूनही बोलण्यावरून. एक शब्द तोंडातून पडला की समोरच्याचे डोळे बदलायचे. तेव्हा आईनंच सांगितलं, "भायेर गेलास का त्यांच्यावानी बोल, बाळा." तो टोळीवाल्यांच्या पोरांसारखं बोलायला शिकला आणि इतकं पक्कं शिकला, की पुढं घरातही तसाच बोलू लागला. आई एका बोलीत विचारायची, तो दुसऱ्या बोलीत उत्तर द्यायचा. तिनं कधी तक्रार केली नाही. त्याला मात्र कधीकधी स्वतःची लाज वाटायची आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

पुढं त्यानं मादबाच्या आसपास विहिरींचे पंप विकायचा धंदा टाकला. मळेवाले त्याला आपलाच समजले. करकच्या टोळ्यांपैकी असेल, असं कुणीतरी म्हणालं आणि त्यानं नाही म्हटलं नाही. मुलाचं नावही टोळीवाल्यांत शोभेल असंच ठेवलं. आता त्या मुलानं जीव लावला तो थेट अबू सत्ताम यांच्या मुलीवर, गैदावर. अबू सत्ताम म्हणजे टोळीतलं मोठं घर. मूळ कळलं तर म्हातारा पोरगी देईल का, ह्या विचारानं शौकत महिनाभर नीट जेवला नव्हता.

बैठकीत दोन्हीकडचे पुरुष समोरासमोर बसले. मधल्या पडद्यामागं बायकांच्या बांगड्या वाजत होत्या. कॉफीची उंच चोचीची किटली फिरली. पहिला बिनकानाचा कप फव्वाज पाशांच्या पुढं, दुसरा शौकतपुढं, तिसरा मामांपुढं. पाशांनी आपला कप न पिता खाली ठेवला. रीतच ती. मागणं घेऊन आलेला पाहुणा कप तसाच ठेवतो आणि यजमानानं 'प्या' म्हटलं की मगच उचलतो. सगळ्यांचे कप खाली गेले.

निवृत्त लष्करी अधिकारी फव्वाज पाशा अशा कामासाठी चहूकडून बोलावले जात. त्यांचा आवाज भरदार होता आणि तो त्यांना स्वतःलाही फार आवडायचा.

"अबू सत्ताम, आम्ही परके नाही," ते रंगात आले. "हा अबू लैस, लैसचा बाप, आपल्याच मातीतला. ह्याच्या आजानं, पणजानं ह्याच टेकड्यांवर शेरडं राखली…"

शौकतच्या आजाच्या तंबाखूच्या शेतातून समुद्र दिसायचा म्हणे. त्यानं मामांकडं पाहिलं. मामा सतरंजीची वीण बघत होते.

पाशांचं बोलणं संपलं. अबू सत्ताम यांच्या हातातली जपमाळ सरकत राहिली. ते 'प्या' म्हणेनात. बऱ्याच वेळानं त्यांची नजर मामांवर येऊन थांबली.

"हे थोरले कोण?"

"माझे मामा," शौकत घाईनं म्हणाला.

"मग त्यांचाही शब्द होऊ दे. आजोबा, तुमचं काय म्हणणं?"

मामांनी तोंड उघडलं. त्याआधीच शौकत बोलून गेला, "त्यांना कमी ऐकू येतं."

मामांनी उघडलेलं तोंड मिटलं. शौकतकडं एकवार पाहिलं. मग सावकाश हात उचलून त्यांनी कानामागं धरला आणि बहिऱ्या माणसासारखं ओशाळं हसले. ते नाटक त्यांनी इतकं छान वठवलं, की शौकतनं नजर खाली वळवली. हात आपोआप पुढं गेला, जे हाताला लागलं ते त्यानं उचललं आणि एका घोटात पिऊन टाकलं.

वेलदोड्याचा कडवटपणा जिभेवर आला तेव्हा त्याला कळलं.

बैठक गार झाली. जपमाळ थांबली. मुलगी दिलेली नाही आणि मुलाच्या बापानं कॉफी पिऊन टाकली! असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. पाशांनी डोळे मिटून घेतले.

"आगं माय गं! ह्ये काय क्येलं म्यां!"

चुलीवरचं दूध उतू गेलं की आई अशीच ओरडायची. तेच शब्द, तोच हेल. बैठकीत एवढ्या मोठ्यानं कोण ओरडलं म्हणून लैसनं वळून पाहिलं आणि तो बापाच्या तोंडाकडं बघतच राहिला.

"आरं लेका, आता थुकून का देनार हाईस?" मामांच्या तोंडून निघून गेलं. मग आपण बहिरे आहोत हे आठवून त्यांनी हात पुन्हा कानामागं नेला.

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. पाशा सावरायला पुढं सरसावले, पण अबू सत्ताम यांनी बोटानं त्यांना थांबवलं.

"आत्ता कोण बोललं?"

शौकतनं मान खाली घातली. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "मीच."

"माझी बायको म्हणायची, हा पंपवाला आपल्यापेक्षाही आपल्यासारखं बोलतो. मी म्हणायचो, म्हणूनच तो आपला नाही. जो आपला असतो त्याला एवढी मेहनत पडत नाही." अबू सत्ताम यांच्या आवाजात राग नव्हता, पण गोडवाही नव्हता. "पंपाचा सौदा होता तोवर मी विचारलं नाही. माणसानं धंद्यात काय पांघरायचं ते त्याचं त्यानं बघावं. पण आज माझी पोर चालली आहे. तुमच्या घरात रागावतात, रडतात, ते कुठल्या बोलीत, हे तिच्या बापाला कळायला नको?"

ते उठले. पोऱ्याच्या हातून किटली घेतली, शौकतचा रिकामा कप स्वतः भरला आणि त्याच्यापुढं ठेवला.

"पाशांचं ऐकलं. आता जो मघाशी ओरडला त्यानं मागावी. तो म्हणेल ते ऐकेन, मग काय ते सांगेन."

शौकतनं सुरुवात केली. पण जिभेवर आली ती रोजचीच बोली, गुळगुळीत, वापरून चकचकीत झालेली. तो थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबला. बैठकीत लाल रुमालच रुमाल होते आणि आई कुठंच नव्हती. त्यानं मदतीसाठी मामांकडं पाहिलं.

मामांनी कान पुढं केला. "मला कमी ऐकू येतंय, लेका," ते म्हणाले. "जरा मोठ्यानं बोल."

मग शौकत बोलला. मोठ्यानं. "अबू सत्ताम, आमी हैफाकडलं. गाव गेलं, माय छावणीत ऱ्हायली, थितंच मेली. तुमची लेक आमच्या घरी धाडा. माझी माय आस्ती तर तिनं तिला पदराखाली घेतली आस्ती. आता ती न्हाई, तवा मी घीन."

आवाज मध्येच चिरकला, पण त्यानं वाक्य सोडलं नाही. पडद्यामागच्या बांगड्या थांबल्या होत्या.

अबू सत्ताम यांनी जपमाळ बाजूला ठेवली.

"प्या," ते म्हणाले. "कॉफी प्या, अबू लैस. पोर तुमची झाली."

बायकांनी आनंदाचा कल्लोळ केला. कप उचलले गेले, पाशांचा सर्वांत आधी. लैसच्या पाठीवर थापा पडू लागल्या. त्या गडबडीत अबू सत्ताम यांचं लक्ष खाली गेलं. एक कप तसाच होता, काठोकाठ भरलेला. दर्वीशमामा त्याच्यापुढं हाताची घडी घालून बसले होते.

बोलणी पुन्हा विरली. भरला कप म्हणजे मागणं बाकी आहे, हे तिथं कुणाला सांगावं लागत नाही.

"आजोबा, तुमचं काय राहिलं? माझ्या घरातलं काहीही मागा."

"तुमच्याकडं न्हाई," मामा म्हणाले. "ह्या आमच्या भाच्याकडं हाय." त्यांनी डोक्यावरचा लाल रुमाल सोडवला, नीट घडी घातली आणि शौकतच्या मांडीवर ठेवला. विरळ पांढरे केस उघडे पडले. "माझा रुमाल गाडीत ऱ्हायलाय."

शौकत उठायला गेला. पण लैस आधीच दारापाशी पोचला होता. तिथून तो वळला. सगळी बैठक त्याच्याकडं बघत होती.

"कुटं ठिवलाय, बाबा?" त्यानं विचारलं. हेल तोच होता, नकलेतला, पण ह्या वेळी त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

"शिटाखाली हाय," शौकत म्हणाला. "झटकून आन."