यादीत नसलेलं मशीन

गिरधर, तू फक्त ऐक, मधे बोलू नको. धुळ्याला चंपालालशेठच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी लागलो ना, तिथे सात मशीन. प्रत्येकाचे नखरे वेगळे! मग मी एक फ्लॉपी बनवली. तिच्यात यादी, मशीनवर काय काय पाहिजे त्याची. रोज सकाळी फ्लॉपी फिरवली की मशीन यादीसारखं. कमी असेल ते येणार, जास्तीचं पुसलं जाणार. बिघडलं तरी मशीनशी झगडायचं नाही, यादी नीट करायची. बस!

शेठ खूश. लॅबची चाबी तिथल्या जुन्या कौतिकसरांकडून काढून मला दिली. तेव्हापासून तो माणूस मला पाण्यात पाहतो. मला हाकच मारतो, "ए फ्लॉपी!" त्यांच्या केबिनमधल्या सातव्या मशीनला फ्लॉपी लावूच देत नाही.

काल परीक्षा होती. सकाळी सहा मशीनना फ्लॉपी फिरवली आणि साहीवरून मराठी टायपिंग गायब! कौतिकसर दारात चहा पीत उभे. "आते बठ्ठा एकसारखा शेतस ना रे!" म्हणजे, आता सगळी एकसारखी झाली ना! पोरं फिदीफिदी हसली.

शेठ तापले, "चाबी ठेव आणि चालू लाग!"

"शेठ, पाच मिनिटं द्या." यादी उघडली, तर मराठीची ओळच नाही! फाइलवर वेळ होती, परवा सव्वाचार. परवा सव्वाचारला मी दोंडाईच्याच्या गाडीत, फ्लॉपी लॅबमध्येच, आणि चाबी देऊन गेलेलो कौतिकसरांनाच! ओळ परत टाकली, फ्लॉपी फिरवली, साही चालू.

तेवढ्यात परीक्षक आले. म्हणे, सातही मशीन सारखी पाहिजेत, नाहीतर परीक्षा रद्द. शेठ माझ्यावर, "सातवं पण कर! नाही झालं तर चाबी कौतिकला."

केबिनमध्ये गेलो, फ्लॉपी घातली. कौतिकसरांनी माझं मनगट धरलं. "भाऊ, थांब. तीन वर्षांच्या नोट्स आहेत त्याच्यात. दुसरीकडे कुठेच नाहीत."

भाऊ! आता भाऊ!

नोट्स ठेवल्या तर मशीन सारखं होत नाही, काढून घ्यायला वेळ नाही. बाहेर शेठ ओरडताहेत, पोरं खोळंबलीत. ते मनगट सोडेनात, माझं बोट एंटरवर.

खरं सांग गिरधर, तू माझ्या जागी असतास तर दाबलं असतं का?